कपिलधारच्या धबधब्यापुढे चार हातांचा नवरदेव

मंडळी, आज कपिलधारला एका जोडीचे लग्नाआधीचे फोटो काढायला गेलतो आणि डोकं धरून परत आलो.

नवरीला धबधब्याचं पाणी दुधासारखं सलग दिसेल असा फोटो हवा होता. त्यासाठी शटर पूर्ण एक सेकंद उघडं ठेवावं लागतं. भर उन्हात फोटो पांढराफटक होऊ नये म्हणून लेन्सवर काळी काच लावली, कॅमेरा स्टँडवर बसवला. दोघांनी तेवढा एक सेकंद फक्त हलायचं नव्हतं, कारण हललेला माणूस फोटोत पुसट होतो.

पण आमचे नवरदेव यंदा गावच्या निवडणुकीला उभे राहणार! तिथल्या देवळात दर्शनाला आलेला जो दिसेल त्याला हात जोडून "राम राम!" एका फोटोत त्यांना चार हात, दुसऱ्यात तोंडच गायब.

"अहो, एक सेकंद थांबा की!"

"दादा, न्हाई बोललो तर लोक म्हणतील, लगीन ठरलं अन् माजला."

नवरी हळूच पुटपुटली, "माझ्याकडं तर अजून बघितलं बी न्हाई." माझे कान तिखट, मी ऐकलं.

शेवटी तीच म्हणाली, "जाऊ द्या त्यांना. माझा एकटीचा घ्या."

ती पापणीही न हलवता उभी राहिली. या वर्षात माझ्या हातून एवढा चांगला फोटो निघाला नव्हता.

आत्ता नवरदेवांचा फोन आला, "मला त्यात शेजारी चिकटवा." नवरीचा मेसेज त्याआधीच येऊन पडलाय, "आहे तसाच ठेवा."

तुम्हीच सांगा, कुणाचं ऐकू?