डॉन चेमांनी ऐकलेली शिट्टी

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे. विश्वास कधी बसला नाही. मी ग्रंथपाल आहे. ज्याला संदर्भ नाही, ते माझ्या कपाटात लागत नाही. हेही लागत नाही... म्हणून लिहून पाहते आहे.

आम्ही सिंगापूरमध्ये क्लेमेंटीला राहतो, अकराव्या मजल्यावर. माझा नवरा निरंजन इथल्या विद्यापीठात संशोधक होता. त्याआधी पीएच.डी.ची वर्षं त्याने टेक्ससमध्ये काढली आणि तिथून एक वेड घेऊन आला – दक्षिण टेक्ससच्या मेक्सिकन वस्त्यांमधलं अकॉर्डियनचं संगीत. कुणाच्या गॅरेजमध्ये, फर्निचरच्या दुकानामागच्या खोलीत केलेल्या लहान लहान रेकॉर्ड्स. मधलं भोक इतकं मोठं, की प्लास्टिकची पिवळी चकती बसवल्याशिवाय त्या लागत नाहीत. लेबलवर फार तर एक नाव. बाकीचे वाजवणारे कोण, हे शोधायला निरंजन तिथल्या म्हाताऱ्या वादकांना फोन करायचा आणि फोन स्पीकरपाशी धरून रेकॉर्डच ऐकवायचा. ओळखा म्हणायचा, ही गिटार कुणाची?

त्यांत सगळ्यांत थोरले डॉन चेमा. कान तल्लख, इंग्रजी जेमतेम; मधे त्यांची मुलगी डोलोरेस बोलायची. फोन रविवारी सकाळी, म्हणजे तिकडच्या शनिवारी रात्री. तेवढा वेळ कुकर लावायचा नाही, हा आमच्या घरातला नियम. शिट्टीने गाण्याचा विचका होतो म्हणे. निरंजन स्वतः मात्र रेकॉर्डबरोबर बेसूर गुणगुणत राहायचा आणि ते त्याला कळायचंही नाही. आमची मुलगी इरा म्हणायची, “बाबा, कुकर सुरात असतो.”

एका रेकॉर्डवर डॉन चेमांच्या अकॉर्डियनबरोबर एक बाई गाते. तिचं नाव कुठेच नाही. निरंजनने कितीदा तरी विचारलं. दर वेळी उत्तर एकच – आठवत नाही.

या वर्षी निरंजन गेला. हृदयविकार, कामावर असताना. आम्हाला हा फ्लॅट सोडून यिशुनला लहान जागेत जावं लागणार होतं. बुकित तिमाहच्या एका गृहस्थांनी सगळा संग्रह घ्यायची तयारी दाखवली. माझं मन होत नव्हतं. इरा खोक्यांकडे बघत म्हणाली, “कीप फॉर व्हॉट, आई? नो स्पेस, लाह.” आणि मग आपल्या खोलीत जाऊन रडली.

त्या रविवारी सकाळी, तो गेल्यावर पहिल्यांदाच, मी कुकर लावला. साधा वरणभात. रेकॉर्ड्स खोक्यांत बंद होत्या, टर्नटेबल चादरीत गुंडाळून ठेवलेलं.

दोन-तीन दिवसांनी माझ्या मोबाइलवर डोलोरेसचा फोन आला. निरंजनने तिला माझाही नंबर देऊन ठेवला होता. त्याचा फोन लागत नाही, म्हणाली. शनिवारी रात्री त्याने त्या बाईची रेकॉर्ड ऐकवली, पापांना भरून आलं, बोलताच आलं नाही. आता नाव सांगायचं म्हणतात.

मी विचारलं, कोणत्या शनिवारी? म्हणाली, हाच, परवाचा. त्याचाच नंबर होता. बोलला मात्र काहीच नाही, नुसता गुणगुणत होता, नेहमीसारखा.

मला वाटलं, तिची काहीतरी गल्लत होते आहे, जुना एखादा फोन असेल. मग ती म्हणाली, “मॅम, पापा विचारतायत, तुमच्या घराजवळून रेल्वे जायला लागली का? गाण्याच्या मधे शिट्ट्या येत होत्या.”

मी ओट्यावरच्या कुकरकडे पाहिलं. निरंजनचा फोन ड्रॉवरमध्ये बंद पडलेला होता, त्याची लाइन मी स्वतः जाऊन बंद केली होती.

तो गेल्याचं तिला सांगायला हवं होतं. जमलं नाही. ती नाव सांगत होती. लूपे, पापांची धाकटी बहीण. मुलीचं नाव रेकॉर्डवर नको, असं वडलांनी बजावलं होतं. पापांनी ते अजून पाळलं होतं.

इराला मी हे सांगितलं नाही. पुढचे दिवस कसे काढले, सांगता येत नाही. भात लावायचीही भीती वाटू लागली. त्याहून मोठी भीती ही, की खोकी गेली की तोही... शनिवारी ते गृहस्थ आले आणि सगळं घेऊन गेले. लूपेची रेकॉर्ड आणि टर्नटेबल मी ठेवून घेतलं.

रविवारी इरा ट्यूशनला गेल्यावर मीच डोलोरेसला फोन लावला. गाणं ऐकवायचं आणि मग खरं सांगायचं, असं ठरवलं होतं. कुकर लावला नव्हता. घरात मी एकटी. पिवळी चकती बसवली, सुई ठेवली, फोन स्पीकरपाशी धरला. अकॉर्डियन, मग लूपेचा आवाज. मला तेवढंच ऐकू येत होतं.

कडवं संपायच्या आत डोलोरेस हसत म्हणाली, “मॅम, पापा म्हणतात, निरंजनना जरा गप्प राहायला सांगा ना. आत्याचा आवाज नीट ऐकू येत नाहीये.”

याचा अर्थ मला आजही लावता आलेला नाही. तेव्हा एवढंच कळलं, की मला त्याला गप्प करायचं नाही. गाणं संपेपर्यंत मी फोन तसाच धरून ठेवला.