जाड चिरलेला कांदा

डेल्मा कांदा जाड चिरते, हे सिडनीपासून खूप दूर, बारवन नदीकाठच्या त्या गावात सगळ्यांना माहीत होतं, कारण नोएलीनने ते सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. शाळेची जत्रा असो, क्रिकेटचा सामना असो की मतदान, मैदानात शेगडीचा पत्रा तापला की त्यामागे या दोघी उभ्या. डेल्मा सॉसेज भाजणार, नोएलीन ते पावाच्या स्लाइसमध्ये गुंडाळून देणार. कांदा मात्र आदल्या संध्याकाळी नोएलीनच्या स्वयंपाकघरात दोघींनी मिळून चिरायचा. "सॉसेजला उशी करतेयस का गं?" नोएलीन विचारायची. मग डेल्मा पुढचा काप मुद्दाम आणखी जाड काढायची.

नोएलीन गावातली, गोरी; डेल्माचा जन्म बंधाऱ्यापलीकडच्या आदिवासी वस्तीतला, पत्र्याच्या घरातला. इस्पितळाच्या धुलाईघरात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली. गावातल्या बहुतेक घरांतल्या आजाऱ्यांच्या चादरी तिच्या हातांखालून गेलेल्या. आता लहानथोर सगळे तिला वडीलधारी म्हणून मानाने आँटी म्हणत. तिला ते आवडे, आणि त्यावर तिचा पुरता विश्वासही नसे.

त्याचं मूळ जुनं होतं. ती लहान असताना, सदुसष्ट साली, आदिवासींना देशाच्या शिरगणतीत धरावं का यावर सार्वमत झालं आणि जवळजवळ सगळा देश हो म्हणाला. पुढच्या सोमवारी आई तिला घेऊन दुकानात गेली. दुकानदार कधी नव्हे तो हसला, आईची विचारपूस केली, आणि मागून आलेल्या सगळ्या गोऱ्या बायांचं सामान बांधून झाल्यावर मग तिला साखर दिली. घरी येताना आई एवढंच म्हणाली, "आज फारच गोड बोलत होता, नाही?"

आणि आता पुन्हा सार्वमत. या भूमीचे पहिले रहिवासी म्हणून आदिवासींची घटनेत नोंद करावी आणि संसदेला सल्ला देण्यासाठी त्यांची एक समिती असावी, हो की नाही, एवढाच प्रश्न. पण त्याने गाव आतून ढवळून निघालं. सिडनीहून 'हो' लिहिलेले टी-शर्ट घातलेली मुलं आली. दारात पाय ठेवायच्या आधीच तिला आँटी म्हणाली. डेल्माने त्यांना चहा पाजला आणि ती गेल्यावर कप दोनदा विसळले. वस्तीतले अंकल सेसिल, तिच्या आईचे चुलतभाऊ, चक्क 'नाही' लिहिणार होते. "समितीत कोण बसणार? तू? मी?" त्यांनी विचारलं. "त्यांना आपलं ऐकायचंच असतं, तर नळाच्या पाण्याचं ओरडतोय ते ऐकलं असतं." डेल्माचं अजून काही ठरत नव्हतं.

मग एका सकाळी नोएलीनच्या फाटकावर फलक दिसला. मोठ्या अक्षरांत 'नाही'. नवऱ्याने, बेव्हनने, लावलेला असणार हे उघड होतं. पण फाटक दोघांचं होतं.

डेल्माने विचारलं नाही. नोएलीन बोलली नाही. त्याऐवजी तिने पिशवीभर लिंबं पाठवली. मग डेल्माच्या नातीसाठी स्वेटर. मग दुखरा गुडघा कसा आहे म्हणून फोन, ज्या गुडघ्याच्या लंगडण्याची तिने आजवर फक्त नक्कल केली होती. डेल्मा लिंबांकडे बघत बसायची. माणूस उगाच इतकं चांगलं वागत नाही. मनात काहीतरी खुपत असल्याशिवाय तर नाहीच.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी तिने गुडघ्याचं निमित्त सांगून कांदा घरीच चिरला. नोएलीनने आपल्या घरी चिरला. सकाळी शाळेच्या मैदानात दोन्ही पत्र्यावर एकत्र पडले, तर नोएलीनचे काप करपले आणि डेल्माचे कच्चेच राहिले.

"छान चिरलायस," नोएलीन म्हणाली.

डेल्माच्या हातातला चिमटा थबकला. इतक्या वर्षांत हे वाक्य तिने ऐकलं नव्हतं.

दिवसभर माणसं मत देऊन बाहेर येत होती आणि रांगेत उभी राहत होती. डेल्मा प्रत्येकाचा चेहरा वाचत होती. खाटीक डोळे चुकवत सॉस मागून गेला: नाही. शाळेच्या बाईंनी तिचा हात हातात घेतला: हिचं सांगता येत नाही. ज्याने नातीच्या अभ्यासाची जरा जास्तच चौकशी केली तो नक्की नाही. मतदान संपत आलं तेव्हा नोएलीन म्हणाली, "तू जाऊन ये. मी बघते इथलं." जाता जाता डेल्माला त्यातही शंका आली, की हिला मला इथून हलवायचंय का. आत पेन्सिल हातात घेतल्यावर तिला दुकानातली साखर आठवली, अंकल सेसिल आठवले. तरी तिने 'हो' लिहिलं, आणि पेन्सिल पुन्हा एकदा अक्षरांवरून फिरवली.

दोघी पत्रा खरवडत होत्या तेव्हाच रेडिओवर निकाल आला. देश नाही म्हणाला होता. गावाचं कुणी विचारायची गरज नव्हती.

"मी हो लिहिलं, डेल्मा," नोएलीन हळूच म्हणाली.

डेल्माला हवं होतं नेमकं हेच वाक्य, आणि ते ऐकताना आत काहीच हललं नाही. बंद खोक्यातलं मत. आता कुणीही काहीही सांगावं.

"बेव्हनला सांगितलंस?"

नोएलीन पत्रा खरवडत राहिली.

"मग मलाही सांगू नकोस," डेल्मा म्हणाली.

पुढच्या शनिवारी क्रिकेटचा सामना होता. आदल्या संध्याकाळी डेल्मा कांद्याची पिशवी घेऊन निघाली. जावं की नाही याचा निकाल तिने फाटकावर सोपवला होता. फलक तिथेच होता, एका बाजूने सुटून वाऱ्यावर फडफडत. ती थोडा वेळ उभी राहिली. नोएलीनने खिडकीतून पाहिलं होतं. ती बाहेर आली नाही, हाकही मारली नाही. तेच डेल्माला बरं वाटलं. ती आत गेली.

टेबलाशी बेव्हन चहा पीत बसला होता. दोघी समोरासमोर बसल्या. दोन-तीन कांदे चिरून झाले. मग नोएलीनने सुरी खाली ठेवली.

"बेव्हन, मी हो लिहिलं."

त्याने कपात बघितलं. "माहितीय."

"कोणी सांगितलं?"

"तूच. आठवडाभर रोज पुडिंग करतेयस. लग्नाच्या वर्षीसुद्धा केलं नव्हतंस एवढं." तो उठला आणि कप घेऊन बाहेर गेला. दार जरा जोरात लागलं.

डेल्मा खाली मान घालून चिरत राहिली. लिंबं, स्वेटर, गुडघा. अपराधी माणसाचा चांगुलपणा तिने बरोबर ओळखला होता. अपराध कोणता, ते मात्र चुकलं असावं. कदाचित. बाहेर फलक अजून वाजत होता, आणि तो काढायला बेव्हन काही गेला नव्हता.

तिने एक काप काढला, चांगला बोटाएवढा जाड, आणि तो बाजूला ठेवून वाट पाहिली. नोएलीन छान म्हणाली असती, तर ती पिशवी उचलून निघणार होती.

नोएलीनने डोळे मनगटाने पुसले आणि त्या कापाकडे पाहिलं.

"हे काय गं? हा खायचा की कुंपणात रोवायचा?"

डेल्माने पिशवीतून पुढचा कांदा काढला.