ठकुबाईला लावलेलं मलम

ठकुबाईला आम्ही दोन वर्षं चुकीचं औषध लावलं. पहिलं बोट माझं, म्हणून हे मीच लिहिते.

ती नगरकडची. पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना बांधायला निघाला, तेव्हा नवरा गेनू पाया खणायला आणि ही घमेली वाहायला आली. कारखाना सुरू झाल्यावर रस्त्यावरून भिंत दाखवून म्हणायची, "ह्यातला निम्मा चुना माज्या डोक्यावरनं गेलाय." तिच्याइतकाच तोरा मलाही होता. मी त्याच वस्तीतली, युनियनची; बांधकामावरच्या बायकांच्या हजेरीसाठी मुकादमाशी भांडणारी मीच.

छप्पन सालच्या उन्हाळ्यात नळावर अंघोळ करताना तिच्या डाव्या स्तनाच्या बोंडावर लाल, ओलसर खपली दिसली.

"हे काय गं?"

"नायटा असंल. खाजतंय नुसतं, दुखत न्हाई. करंजाचं तेल लावते."

मी उसळले. "आपल्या पिंपरीत पेनिसिलिन बनतं आणि तू करंज चोळतेस? लाज नाही वाटत?"

दुकानातून पेनिसिलिनचं मलम आणून मीच लावलं. आठ दिवसांत खपली गळाली. मी वस्तीभर मिरवले. महिन्याभरात खपली परत आली. परत मलम, परत उतार, परत खपली.

ठकुबाई हसायची. "शालनबाई, ही खाज आमच्यावानी हाय. मुकादम उभा तवर गप, पाठ फिरली की सुरू."

"तू नेमानं लावत नसशील!" मी तिलाच झापायची. मलमावर शंका घ्यायला मन धजत नव्हतं.

अठ्ठावन्न साल उजाडेपर्यंत बोंड चपटं होऊन आत ओढलं गेलं, लाली भोवती पसरली, चोळीला रक्ताचे ठिपके पडू लागले. तेव्हा कुठे पुण्याला सरकारी दवाखान्यात बाई डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दोन्ही बाजू पाहिल्या.

"उजवीकडे असं कधी झालं होतं?"

"न्हाई."

"एकाच बाजूला, बोंडापासून सुरू झालेलं, बरं होऊन परत येणारं. नायटा म्हणून सोडायचं नसतं हे."

त्यांनी कातडीचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवसांनी निकाल आला. सूक्ष्मदर्शकाखाली कातडीच्या वरच्या थरात मोठ्या, फिकट पेशी दिसल्या होत्या. तिथल्या नव्हेतच त्या; आतल्या दुधाच्या नळ्यांतून वर सरकलेल्या. स्तनात गाठ हाताला लागत नव्हती, तरी आत कॅन्सर होता. असा क्वचितच दिसतो, म्हणाल्या. काखेत मात्र बोराएवढी गाठ लागली.

"पेनिसिलिननं नाही जाणार?" मी विचारलं.

"ते जंतू मारतं, बाई. हे जंतू नाहीत, तिच्याच पेशी आहेत." मग हळूच म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वी यायला हवं होतं."

ठकुबाईनं पदर सावरला. "काढून टाका. पोरं कवाच मोठी झाली."

शस्त्रक्रियेनंतर तिचा डावा हात सुजला, डोक्यापर्यंत जाईना. घमेलं सुटलं. एकदा मी रडायला लागले तर म्हणाली, "तुमचं औषध खोटं न्हवतं. माजं दुखणंच दुसरं व्हतं. पर आता बाकीच्या बायांना तरी इचारा."

एकोणसाठच्या श्रावणात ती गेली. शेवटी रोग फुप्फुसात पोचला होता.

परवा नळावर वस्तीतली सावित्रीबाई छाती खाजवताना दिसली. म्हणाली, "पुरळ आलंय. मलम हाय का तुमच्याकडं?"

"आधी सांग," मी म्हटलं, "एकाच बाजूला आहे का?"