भाऊजींची झोप

शाळेत परिपाठ संपून मुलं वर्गाकडे निघाली होती, तेवढ्यात ताईचा फोन आला. शांताताई माझी मोठी बहीण; इतक्या सकाळी ती कधी फोन करत नाही. "मंगल, हे गेले वं," एवढंच ती म्हणाली. आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, "झोपेत गेले का?" बाजूला उभे असलेले आमचे मुख्याध्यापक माझ्याकडे बघतच राहिले. पण आमच्या घरातल्या कुणीही हाच प्रश्न विचारला असता. ताई म्हणाली, "नाई वं. जागेच होते. अंगनात बसून चहा पीत होते. चहात अद्रक कमी हाये म्हने, अन् मंग छातीवर हात ठेवला." ज्या माणसाच्या झोपेची आम्ही सगळ्यांनी वर्षानुवर्षं धास्ती घेतली, तो माणूस टक्क जागा असताना, चहाला नावं ठेवत गेला. त्या दिवशी रिसोडहून जीपनं ताईच्या गावाकडे जाताना मला रडू येत होतं, आणि मधूनच त्या अद्रकाचं हसूही येत होतं.

उत्तमभाऊजी ट्रक ड्रायव्हर होते. कारंज्याच्या एका शेठची दहा चाकी गाडी त्यांच्याकडे होती. कापसाच्या गाठी गुजरातला न्यायच्या आणि येताना फरशी भरून आणायची. माणूस उंचापुरा, गळा जाड, ओठांवर झुपकेदार मिशी, आणि घोरणं असं की लग्नानंतर ते पहिल्यांदा आमच्याकडे मुक्कामी आले तेव्हा शेजारच्या काकूंनी सकाळी येऊन विचारलं, "रातभर पिठाची चक्की काहून चालू होती?" मी तेव्हा कॉलेजात होते. साळी, म्हणजे धाकटी मेव्हणी म्हणून थट्टा करायचा मला हक्कच होता, तो मी पुरेपूर वापरला. भाऊजी रागवत नसत. "मास्तरीनबाई, आवाज करनारं इंजन चांगलं रायते," असं म्हणत. मी अजून शिक्षिका झाले नव्हते, पण हे नाव त्यांनी आधीच देऊन टाकलं होतं.

घोरण्याचं हसू होत होतं तोवर ठीक होतं. पण पुढेपुढे ते दिवसाही पेंगू लागले. बोलता बोलता वाक्य अर्धं राहायचं आणि मान खाली जायची. माझ्या लग्नाच्या बैठकीत तर ते पाहुण्यांसमोर पोह्यांची बशी हातात धरून झोपले. मुलाकडच्या एका म्हाताऱ्यानं दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. ते आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं, कारण म्हातारा स्वतः बहिरा होता. "ड्रायव्हर हाये ना, पेला असन." भाऊजींनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. ते जागे झाले तेव्हा सगळे त्यांच्याकडेच बघत होते. त्या दिवशी ते जेवायला बसले नाहीत, गोठ्यापाशी जाऊन उभे राहिले. लग्न ठरलं, झालंही. पण तो शब्द त्यांना फार लागला होता.

मग मेडशीजवळची ती दुपार आली. गाडी गाठींनी भरलेली, रस्ता सरळ, ऊन स्वच्छ. भाऊजींना एवढंच आठवत होतं की समोर रस्ता होता, आणि मग एकदम समोर तूर होती. गाडी सावकाश रस्ता सोडून शेतात शिरली आणि धुऱ्याच्या बांधाला अडून थांबली. शेतकरी काठी घेऊन धावत आला. दार वाजवून म्हणाला, "पेला काय रे?" भाऊजी म्हणाले, "नाई दादा. झोपलो होतो." त्या खरेपणाचं काय करावं हे त्या भल्या माणसाला कळेना. त्यानं काठी टाकली आणि पाणी आणून दिलं. घरी आल्यावर भाऊजींनी हे सगळं हसतहसतच सांगितलं. पण ताईनं ताट वाढलं तर घास उचलेनात. मग हळूच म्हणाले, "शांता, थोडं पुढं निंबाखाली मानसं बसची वाट पाहून राह्यली होती... लेकरं होती त्याइच्यात."

ताईनं त्यांच्या खिशातलं लायसन काढलं आणि तांदळाच्या डब्यात खुपसलं. "तपासनी करा, तवाच भेटन." मी सुट्टी टाकून दोघांबरोबर अकोल्याला गेले. तिथं अंगाला वायरी लावून त्यांना रात्रभर झोपवलं. सकाळी डॉक्टरांनी समजावून सांगितलं: झोपेत गळ्याची वाट बंद होते, श्वास थांबतो, शरीर गुदमरून दचकतं, पुन्हा श्वास सुरू होतो, आणि असं रात्रभर चालतं. म्हणजे हा माणूस आडवा होत होता, पण वर्षानुवर्षं झोपलाच नव्हता. भाऊजींनी त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ लावला, "म्हंजे नरड्यात जाम लागते." डॉक्टर म्हणाले, बरोबर; आणि हे मशीन नळीतून हवा सोडून वाट मोकळी ठेवेल. रोज लावायचं, गाडीत झोपलात तरी. ताईनं लगेच विचारलं, "अन् आता गाडी कवा चालवायची?" डॉक्टर म्हणाले, मशीन नीट लागू पडलं, दिवसाची पेंग गेली आणि मी तपासून सांगितलं की मग. भाऊजींपेक्षा ताईनंच ते जास्त लक्ष देऊन ऐकलं.

अडचण आली ती मिशीची. मशीनच्या नळीचा मास्क तोंडावर बसेना, मिशीतून हवा फुसफुस निसटायची. मशीनवाला म्हणाला, मिशी काढली तर काम होईल, नाहीतर वेगळा मास्क मागवावा लागेल, त्याला वेळ लागेल. भाऊजी चार दिवस मिशीला पीळ देत फिरले. पाचव्या दिवशी स्वतःच रिसोडच्या सलूनमध्ये जाऊन आले. ताईनं दारातून पाहिलं आणि म्हणाली, "कोन पाह्यजे तुमाले?" खरंच ओळखलं नव्हतं तिनं. नंतर तिला असं हसू फुटलं की ती भिंतीला धरून खाली बसली. भाऊजी ओठावर हात ठेवून म्हणाले, "हास, हास. तुह्या डब्यातल्या लायसनसाठी केलं हे."

पेंग गेली. डॉक्टरांनी होकार दिला. लायसन डब्यातून बाहेर आलं. पण गाडीत ते मशीन लावतील याचा ताईला भरवसा नव्हता, म्हणून पहिल्या खेपेला ती स्वतः क्लीनरच्या सीटवर जाऊन बसली. गावात चर्चा झाली, शेठही कुरकुरला. ताईनं कुणाचं ऐकलं नाही. ढाब्यावर गाडी उभी राहिली की ती आधी मशीनची बॅटरी तपासायची, धुळीनं भरलेली जाळी धुवायची, मग भाऊजींच्या तोंडाला मास्क बांधायची. बाकीचे ड्रायव्हर काचेतून डोकावून बघत. तो मास्क पाहून त्यांनी भाऊजींचं नाव 'पायलट' पाडलं. आणि भाऊजींनी तेही हौसेनं मिरवलं. ताई त्या खेपेत समुद्र बघून आली. कसा होता म्हणून विचारलं तर म्हणाली, "पानी लय हाये, पन कामाचं नाई." त्यानंतर वर्षातून एक खेप ती त्यांच्याबरोबर करायचीच. मशीनसाठी म्हणायची, पण मला वाटतं, गाडी उंच असते, काचेतून लांबवर दिसतं, आणि नवरा शेजारी बसून जागेपणी बोलत असतो, हे तिला पहिल्यांदाच मिळालं होतं.

एकदा धुळ्याच्या अलीकडे मशीनची बॅटरी बिघडली. भाऊजींची झोप झाली नाही. सकाळी त्यांनी गाडी पेट्रोल पंपावर लावून शेठला फोन केला. "गाडी उभी हाये शेठ. झोप झाली नाई, चालवत नाई." शेठ भडकला, दुसरा ड्रायव्हर पाहतो म्हणाला. "पाहा," भाऊजी म्हणाले, "पन त्याले आधी इचारा, झोपला होता काय." शेठनं खरोखरच दुसरा माणूस पाठवला आणि भाऊजींना घरी बसवलं. तो काळ अवघड गेला. ताईनं दुसऱ्यांच्या वावरात निंदणाला जायला सुरुवात केली, भाऊजी तिच्या मागं घरात स्वयंपाक करत. वरण बरं करायचे, भाकरीचा नकाशा व्हायचा. मग एका दुपारी शेठच दारात आला. गूळ-शेंगदाणे खाल्ले, पाणी प्यायला, इकडचं तिकडचं बोलला आणि उठताना म्हणाला, "उत्तम, तुह्याकडं गाडी असली का मले झोप लागते. चल उद्यापासून." भाऊजी म्हणाले, "म्हंजे मशीन माह्यं, अन् झोप तुमची!"

भाऊजी गेल्यानंतरच्या जलदान विधीला एवढे ड्रायव्हर येतील असं आम्हाला वाटलं नव्हतं. कारंज्याचे आले, मालेगावचे आले, काही तर खेप अर्धी सोडून आले. गावाबाहेर ट्रकची रांग लागली. वंदना झाली, दोघंतिघं बोलले, एक जण बोलताबोलता रडला आणि लगेच पायलटचा किस्सा सांगून सगळ्यांना हसवून बसला. जेवणं झाली. दुपारी विहारासमोरच्या मांडवात सतरंज्या होत्या, त्यावर ही सगळी दमलेली माणसं ओळीनं आडवी झाली. मी आत भांडी आवरत होते. बाहेर आले तर ताई त्या झोपलेल्या माणसांमधून हळूहळू चालत होती... एकेकापाशी थांबायची, ऐकायची, पुढे जायची. एका जाडजूड माणसापाशी ती खाली बसली आणि तिनं मला खुणेनं बोलावलं. तो जोरात घोरत होता. मग एकदम शांत झाला. ताईनं माझं मनगट घट्ट धरलं. छाती हलत होती, पण श्वासाचा आवाज नव्हता... आणि मग मोठा आचका देऊन तो पुन्हा घोरू लागला.

"आजच्या दिस राहू दे ताई," मी म्हणाले. "झोपू दे त्याले."

"तो कुठी झोपला हाये वं," ताई म्हणाली. "अन् संध्याकायी त्याले गाडी घिऊन जायचं हाये."

आणि तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला हलवलं. "भाऊ, उठा जरा. तुमाले एक गोष्ट सांगाची हाये."