सगळ्यात वाईट सीट

मंडळी, आज दुपारी मी इथे अमेरिकेत, मिनिअ‍ॅपोलिसच्या एका थिएटरमध्ये व्हॉलंटियर होते. काम एवढंच, लोकांना त्यांच्या सीटवर नेऊन बसवायचं.

नाटकात इंग्लंडचे एक आजोबा होते. साठ वर्षं स्टेज आणि सिनेमा करतायत. पूर्वी राजपुत्र व्हायचे, आता हमखास जज नाहीतर मरणारे वडील. चेहरा तुम्हीही लगेच ओळखाल.

प्रयोगाला दोन तास असताना हे गृहस्थ रिकाम्या हॉलमध्ये एकेका सीटवर बसून बघत होते. बाल्कनी, कोपरे, अगदी खांबामागची जागासुद्धा. मला राहवेना, आगाऊपणा केलाच. "काही हरवलंय का?"

म्हणाले, "सगळ्यात वाईट सीट शोधतोय. नव्या थिएटरात गेलो की आधी ती शोधतो. मग नाटकभर तिथे बसलेल्या माणसाशी बोलतो."

प्रयोग सुरू झाल्यावर मी मुद्दाम त्या खांबामागे जाऊन उभी राहिले. दिसत काही नव्हतं, पण त्यांचा शब्द न् शब्द ऐकू आला.

ईडन प्रेरीला घरी परत ड्राइव्ह करताना आमच्या इथल्या मराठी मंडळाचं गणपतीतलं नाटक आठवलं. पहिल्या रांगेत कमिटी आणि स्पॉन्सर. आम्ही सगळे त्यांच्याकडेच बघून बोलत होतो. पुण्याहून आलेली माझी आई माझ्या लेकीला मांडीवर घेऊन पार मागे, दाराजवळ बसली होती. नंतर म्हणाली, "छान केलंस गं."

आता ती परत पुण्यात आहे. तिकडे उजाडलं की फोन करून विचारणार आहे, आई, तुला त्यातलं ऐकू काय आलं होतं?

तुमच्या नाटकाला शेवटच्या रांगेत कोण बसतं?