माझा गुडघा आणि तिचं बेट

रविवारी संध्याकाळी सात वाजले की मी खुर्चीत बसायचे आणि माझी मुलगी मला फिरायला न्यायची. मी नाशिकरोडच्या जेलरोडला, तिसऱ्या मजल्यावर. ती कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर, तिथे तेव्हा सकाळचे साडेनऊ. जावई गाडी चालवायचे, सहा वर्षांची नात मागे पट्ट्यात अडकवलेली, मुलगी पुढे, आणि मी समोरच्या काचेपाशी, फोनच्या स्टँडमध्ये. कधी मला रस्ता दाखवायचे, कधी फोन वळवून स्वतःची तोंडं. दिसतंय का आई, असं ती दहादा विचारायची. दिसतंय गं बाई, म्हणायचे मी, गुडघा बदललाय, डोळे माझेच आहेत.

त्या बेटाला मोठा रस्ता एकच. किनाऱ्याकिनाऱ्याने गोल जातो आणि दीड तासात निघालो तिथेच आणून सोडतो. आमच्याकडे दीड-दोन तासांत मनमाड येतं आणि मनमाडहून गाडी धरली तर माणूस कुठेही जाऊ शकतो. तिथे दीड तासात स्वतःचंच दार. मी त्या रस्त्यावरून इतक्या वेळा गेले होते की डोळे मिटून सांगितलं असतं: आता शेळ्यांचं वळण, आता तो धक्का जिथे प्रवाशांच्या मोठ्या बोटी लागतात, आता लाल छपराचं चर्च, आता डोंगर. बोटीतून उतरलेली गोरी माणसं दिवसभर वाळूत लोळायची आणि संध्याकाळी भोंगा झाला की निघून जायची. एकदा मुलगी त्यांच्याकडे बघत म्हणाली, ह्यांचं बरं आहे, ह्यांना भोंगा आहे. मला वाटलं गंमत करतेय. मी हसले पण.

जावई तिथल्या मेडिकल कॉलेजात शिकवतात. तीन वर्षांपूर्वी नोकरी लागली तेव्हा मी कॉलनीत पेढे वाटले होते, आणि नुसते वाटले नाहीत, प्रत्येक दारात उभं राहून नकाशा दाखवला होता. मी निफाडकडच्या खेड्यातली, झेडपीच्या शाळेत तीस वर्षं बाई म्हणून काढलेली. नवरा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होता, तो गेला तरी गॅलरीतून तिथल्या धुराच्या चिमण्या अजून दिसतात. आमच्या घरातलं विमानात बसलेलं ती पहिलंच माणूस. मग मला चढली तर चढली. विहारातल्या बायका फोटो बघून म्हणायच्या, बाई, तुमची लेक स्वर्गात राहते. मी म्हणायचे, हो ना. दुरून डोंगर साजरे ही म्हण मी मुलांना किती वर्षं फळ्यावर लिहून शिकवली, आणि स्वतःला शिकवायची राहिली.

पहिल्याच महिन्यात तिचा फोन आला होता. तिथल्या नियमाने नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला काम करता येत नाही, हे तिला गेल्यावर नीट कळलं. ती फिजिओथेरपिस्ट. नाशिकरोडला तिच्या हाताखाली दिवसाला वीस माणसं यायची, खांदे, कंबरा, पाठी घेऊन. तिथे दिवसभर घर, खिडकीत समुद्र, आठवड्याने येणाऱ्या बोटीतला भाजीपाला आणि जाळीत बांधलेले तीनच कांदे. तिने विचारलं, आई, मी परत येऊ का. मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. म्हणाले, नव्या जागी सुरुवातीला असंच होतं, पाय रोवून राहा, आणि आत्ता आलीस तर लोक विचारतील. तिने बरं म्हटलं. परत कधी विषय काढला नाही, आणि मी समजले की रमली.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात माझा उजवा गुडघा बदलला. तिला येता आलं नाही. तीन विमानं, पोरीची शाळा, सगळं आडवं आलं. पण तिने फोनवरून मला जे धरलं ते सोडलं नाही. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेव, गुडघा खाली दाब, दहा आकडे मोज. पाय सरळ कर, धरून ठेव, सोडू नको. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, चोपन्न पायऱ्या, म्हणून मी घरात अडकले. तेव्हाच तिने ही रविवारची टूम काढली. आई बाहेर पडू शकत नाही ना, मग आईला आपण फिरवू. फिरता फिरता व्यायामही चालायचा. पुढचं वळण येईपर्यंत पाय वीस वेळा उचल, असं सांगायची, आणि मी आळस केला की एवढ्या लांबून ओरडायची. तेवढा दीड तास तिचा आवाज पूर्वीसारखा असायचा, पेशंटवर खेकसणारा.

दिवाळीपर्यंत मी ठणठणीत झाले.

आता हे कबूल करायला लाज वाटते, पण केलं ते केलं. मी तिला सांगितलं नाही. जिना मी एका सकाळी हळूच उतरले, दुसऱ्या दिवशी परत उतरले, मग रोजच. भाजी आणायचे, चक्कर मारायचे. तळमजल्यावर माझी मैत्रीण राहते, ती आमच्या सगळ्या भानगडींची साक्षीदार. ती म्हणायची, बाई, तुमी लय खोटारड्या हाय, लेकीला सांगून टाका. पण रविवार आला की मी काठी शेजारी ठेवून खुर्चीत बसायचे, पाय उचलताना तोंड वाकडं करायचे. कारण मला दिसत होतं की तिथे तिला दुसरा पेशंट नाही. मी बरी झाले असते तर तिने रविवारी काय केलं असतं?

आणि ते सोपं नव्हतं हो. आमच्या विहारात बुद्धवंदना रविवारी सातलाच असते. सात वाजता खालून बायकांचे आवाज यायचे, चला गं, उशीर झाला. मी वर, खुर्चीत, दोन्ही पाय धडधाकट, आणि समोर तोच धक्का, त्याच शेळ्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. कधी कधी मला त्या समुद्राचा असा राग यायचा की फोन पालथा घालावासा वाटायचा. तरी तोंडाने म्हणायचे, वा, काय निळंशार आहे.

लाल छपराचं चर्च गेलं की डोंगर यायचा. त्या डोंगरामागे दहा मिनिटं नेटवर्क नाही. चित्र गोठायचं, फोन कटायचा, आणि पलीकडे निघाल्यावर ती पुन्हा लावायची. तेवढ्यात मी पाणी पिऊन घ्यायचे. माघ महिन्यातल्या त्या रविवारीही चर्च गेलं आणि चित्र गोठलं. तिचा चेहरा अर्धा वळलेला, तसाच राहिला. मी तांब्याकडे हात नेला आणि आवाज आला. चित्र थांबलं होतं, आवाज चालूच होता.

"आज्जी गेली?" नातीने विचारलं.

"गेली. डोंगर आला," मुलगी म्हणाली.

"मम्मी, मग आता रडायचं का?"

माझ्या वर्गातली मुलं विचारायची ना, बाई, आता डबे उघडायचे का, अगदी तसं विचारलं तिने. रोजचं काम असल्यासारखं. आणि खरंच, मग नाक ओढल्याचा आवाज यायला लागला. मोठं रडणं नव्हतं. दहा मिनिटांत बसवायचं असतं तेवढंच होतं.

जावई हळू म्हणाले की पुढच्या रविवारी नको जाऊया, तुला त्रास होतो. त्यावर ती म्हणाली, "तिला खाली उतरता येत नाही. आठवड्यातून एवढंच तिचं बाहेर पडणं आहे, ते कसं बंद करू?" मग त्यांनी विचारलं, तुला परत जायचंय हे आईंना एकदा सांगून का टाकत नाहीस. "सांगितलं होतं," ती म्हणाली. "पहिल्याच महिन्यात. आता नाही सांगणार."

मीच लाल बटण दाबलं. दहा मिनिटांनी फोन वाजला, तोंड धुतल्यासारखं स्वच्छ, आई, बघ, आज लाटा किती मोठ्या आहेत. मी म्हटलं, छान आहेत. जन्मात इतकं खोटं मी कधी बोलले नसेन.

तो आठवडा मी कसा काढला माझं मला माहीत. भाजी जळली, दूध उतू गेलं, मैत्रिणीशी विनाकारण भांडले. मग तिलाच सगळं सांगितलं आणि तिच्या ओट्यावर बसून रडले. मला सारखं एकच दिसत होतं. ती माझ्यासाठी त्या बेटाभोवती फिरतेय आणि मी तिच्यासाठी त्या खुर्चीत बसलेय. दोघींनी एकमेकींना कोंडून ठेवलंय, आणि किल्ली माझ्याकडे आहे, कारण तीन वर्षांपूर्वी कुलूप मीच घातलं होतं. लोक विचारतील म्हणे. कोण लोक? पेढे खाऊन विसरून गेले सगळे.

पुढच्या रविवारी मी विहारात जायची पांढरी साडी नेसले, पायात चपला घातल्या आणि फोन उभ्यानेच उचलला. ती लगेच म्हणाली, आई, उभी का आहेस, बस आधी. मी म्हटलं, आज तुम्ही बसा, आज मी फिरवते. आणि दार उघडून जिन्यावर आले.

तिचा जीव असा घाबरला की विचारू नका. पण घाबरली तरी तिच्यातली फिजिओ जागीच. आई, कठडा धर, ऑपरेशनचा पाय आधी खाली, घाई करू नको. मी चोपन्नच्या चोपन्न पायऱ्या उतरले, एका हातात कठडा, एका हातात ती. खाली मैत्रीण पांढऱ्या साडीत उभी होती. तिच्या पोटात काही राहत नाही. फोनमध्ये डोकावून म्हणाली, "दिवाळीपासून रोज उतरत्यात, पोरी."

मुलगी फोनच्या अगदी जवळ आली.

"मला सांगितलं का नाहीस?" मुलीने विचारलं.

"तुझ्याकडे दुसरा पेशंट नव्हता."

मग मी तिला सांगितलं की मागच्या रविवारी डोंगरामागे चित्र गेलं होतं, आवाज गेला नव्हता. सगळं ऐकलं म्हणून सांगितलं. जावयांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. इतक्या रविवारांत ती गाडी शेळ्यांच्या वळणाआधी कधी थांबली नव्हती.

मी म्हटलं, "तू विचारलं होतंस, येऊ का. तेव्हा मी चुकीचं उत्तर दिलं. बरोबर उत्तर आहे, ये. लोकांचं मी बघते."

जावईच बोलले, आणि एरवी ते चार शब्दांचे धनी. म्हणाले, माझा करार पुढच्या वर्षापर्यंत आहे, तो मी पुरा करतो, पण शाळा संपली की ह्या दोघींना पाठवतो. ते इतकं पटकन बोलले की मला कळलं, हे वाक्य त्यांनी कधीचं तयार ठेवलं होतं. मी त्यांना मनातल्या मनात किती दिवस बोल लावत होते, त्याचं मला वाईट वाटलं.

आणि मग ती रडायला लागली. चांगलं मोठ्याने, माझ्यादेखत, फोन चालू असताना. मागच्या सीटवरून नात पुढे वाकली. तिला काही तरी चुकतंय असं वाटलं असावं. आईच्या खांद्याला हात लावून समजावल्यासारखं म्हणाली, "मम्मी, अजून डोंगर आला नाही."

मी फाटकाशी उभी होते. शेजारून मैत्रीण ओढत होती की वंदना सुरू होईल. मुलीने पदराने पुसावं तसं ओढणीने तोंड पुसलं, नाक ओढलं, आणि पेशंटवर खेकसायच्या त्या आवाजात मला म्हणाली, "आणि परत येताना वर चढायला चांगला पाय आधी. कळलं?"

कळलं, म्हटलं मी.