दुसरी सही

"बघितलंस, की वाटलं?"

गाडीखाली आडवे पडलेले असतानाच काका हे विचारायचे. बाहेर फक्त त्यांचे दोन पाय दिसायचे, पायांत पॉलिश केलेले जुने काळे बूट. नट घट्ट आहे म्हणा, टायरमधली हवा बरोबर आहे म्हणा, अगदी बाहेर ऊन पडलंय म्हणा, प्रश्न तोच. त्यांच्यासमोर 'बहुतेक' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. आणि मी मोहालीत सॉफ्टवेअरची नोकरी करणारा माणूस. माझ्याकडून 'बहुतेक' काढून घेतलं तर बोलायला फारसं काही उरत नाही.

काका मूळचे साताऱ्याकडचे. सगळी नोकरी हवाई दलात तंत्रज्ञ म्हणून झाली, शेवटची बदली चंदीगडला झाली आणि निवृत्तीनंतर ते इथेच राहिले. मनीमाजऱ्यात बाजाराच्या मागच्या गल्लीत भाड्याची शेड, वरच्या दोन खोल्यांत ते आणि काकू. गल्ली त्यांना फौजी साब म्हणायची. मी काका म्हणायचो. मी सांगलीचा आहे हे कळल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की साहेबबिहेब म्हणायचं नाही, आणि चहा घेतल्याशिवाय जायचं नाही.

नोकरीत त्यांनी विमानं तोलली होती. मोठी दुरुस्ती झाली की विमान पुन्हा तोलावं लागतं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. निवृत्त झाल्यावर ते गाड्या तोलू लागले. आमच्यासारखी थोडी वेडी मंडळी सगळीकडे असतात, तुमच्याही ओळखीत एखादा असेल. आठवडाभर ज्या छोट्या गाडीतून ऑफिसला जायचं तिचीच मागची सीट, गालिचे, स्टेपनी काढून तिला हलकी करायची आणि महिन्या-दोन महिन्यांनी पाच तास लांबच्या ट्रॅकवर नेऊन पळवायची. अशा गाडीचं वजन चार चाकांवर नीट वाटलेलं नसेल तर ती एका वळणात शहाणी आणि दुसऱ्या वळणात वेडी होते. ते वाटून देणं हे काकांचं काम.

त्यासाठी चार चाकांखाली चार काटे. काट्यांखालची जमीन सपाट हवी म्हणून गवंडी वापरतात तशी पाण्याची पारदर्शक नळी. टाकी अर्धी भरलेली. आणि सीटवर खुद्द चालवणारा, कारण माणसाचं वजन तेही गाडीचंच वजन. खिशातला मोबाइल, किल्ल्या काढून ठेवायच्या, हात स्टिअरिंगवर, नजर समोर. आधी एक चौकशी व्हायची, जेवलास का? मला पहिल्यांदा ती माया वाटली. जेवलोय म्हटल्यावर त्यांनी मला परत पाठवलं. अर्धा किलो राजमा घेऊन आलास, म्हणाले, तो काय ट्रॅकवर पण नेणार आहेस?

मग स्प्रिंगवरची कडी फिरवायची. इथे माझी अक्कल कायम गहाण पडायची. उजवं पुढचं चाक हलकं झालंय म्हणून तिथली कडी वर चढवली, की त्याच्याबरोबर डावं मागचंही जड होणार आणि उरलेली दोन हलकी होणार. काकांनी मला डगमगत्या टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी घालून दाखवलं, आणखी एकदा दाखवलं, काकूंनीही एकदा दाखवलं. मला त्या क्षणी समजायचं आणि शेडबाहेर पडलो की परत गोंधळ. शेवटी काकांनी माझा नाद सोडला आणि मला दुसरं काम दिलं, सहीचं.

हवाई दलातली ही त्यांची जुनी सवय. एकाने काम करायचं आणि सही करायची. दुसऱ्याने त्या कामाला हात न लावता ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि खाली सही करायची. प्रत्येक गाडीसाठी ते हाताने आखलेला कागद करत. आठ ओळी, प्रत्येक ओळीपुढे दोन रकाने. पहिली सही त्यांची. दुसरी, शेडमध्ये भरवशाचं जे कोणी असेल त्याची. दोन वर्षांत तो भरवशाचा माणूस म्हणजे मी, हे कधी ठरलं ते कळलं नाही. मला त्याचा फार अभिमान होता, हे आज सांगायला लाज वाटते.

त्यांची मुलगी आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली चालवायची. काका तिच्याशी मराठीत बोलायचे, ती हिंदीत उत्तर द्यायची, आणि दोघांचं भांडणसुद्धा असंच दोन भाषांत सुरळीत चालायचं. तिचं वजन चोपन्न किलो. ती कामावर असली की काका तिच्या सीटवर चोपन्न किलो वाळूच्या पिशव्या ठेवून गाडी तोलत आणि वर बेल्टही लावत. काकू म्हणायच्या, या पिशव्यांशी तुमचे काका जास्त प्रेमाने बोलतात.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. त्या शनिवारी दुपारी तिची गाडी काट्यांवर होती, दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर जायचं होतं. तोलताना पुढच्या दोन चाकांना जोडणारी लोखंडी दांडी एका बाजूने सोडवावी लागते, नाहीतर काटे खोटं बोलतात. काम झालं की ती परत जोडायची. कागदावरची सहावी ओळ तीच. काकांनी काम संपवलं, आठ सह्या केल्या आणि हात धुवायला गेले. मला तेव्हाच ऑफिसचा फोन आला. कुठलीतरी सिस्टीम बंद पडली होती आणि माझा साहेब एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता. फोन कानाला लावून, कागद गुडघ्यावर धरून मी आठ सह्या ठोकल्या. गाडीखाली वाकलोही नाही.

रविवारी दुसऱ्याच फेरीत, एका वेगाच्या डाव्या वळणात, तिच्या गाडीची मागची बाजू बाहेर फिरली. गाडी टायरच्या भिंतीवर आदळून कुशीवर पडली. मुलीचं गळ्याजवळचं हाड मोडलं, बाकी ती वाचली. गाडी उभी केली तेव्हा ती दांडी एका बाजूने लोंबत होती आणि बोल्टचा पत्ता नव्हता. आता आपटल्यामुळे बोल्ट तुटून उडाला, की तो मुळात लावलाच नव्हता? दांडी सुटलेली असली तरी गाडी तशीच फिरते. नुसतं वळणात उशिरा ब्रेक दाबला तरीही तशीच फिरते.

दवाखान्यात मुलीने एकच विचारलं, कागदावर दोन्ही सह्या होत्या का. काका हो म्हणाले. मग चूक माझीच, असं ती हिंदीत म्हणाली आणि तिने भिंतीकडे तोंड केलं. मी तिथेच खाटेच्या पायाशी उभा होतो. हातात शहाळं होतं.

ती पुण्याला नोकरीला गेली. गाडी चालवायची तिने बंद केली, ट्रॅकवरचीच नव्हे, कुठलीच. काकू सांगायच्या, भर पावसात रिक्षा शोधत उभी असते, ऑफिसने गाडी देऊ केली तीसुद्धा नको म्हणाली. माझ्या हातावर भरवसा नाही, म्हणते.

मी दीड वर्ष गप्प बसलो. तुम्ही म्हणाल, भित्रा. असेन. पण नुसती भीती असती तर सोपं होतं. सांगितलं तर मुलीच्या डोक्यावरचं ओझं उतरणार, पण ते काकांच्या डोक्यावर जाणार. आणि चूक काकांची होती हे तरी मला कुठे ठाऊक होतं? बोल्ट लावलेलाही असेल. आठवायला बसलो की कधी मला तो बोल्ट स्वच्छ दिसायचा, कधी नुसतं रिकामं भोक दिसायचं. खरं म्हणजे मी दोन्ही पाहिलं नव्हतं. आणि काका मात्र आल्यागेल्याला सांगायचे की आपल्याला वयामुळे चुकल्यासारखं वाटलं असतं, पण दुसरी सही होती ना.

काकांनी तिची गाडी पुन्हा सरळ केली. पत्रा, दांडी, स्प्रिंग, सगळं. पंधरा दिवसांनी एकदा चोपन्न किलो ठेवून तोलायचे. पुण्याहून निरोप आला की ती विकून टाका. एका रविवारी सकाळी पंचकुल्याहून कोणी गिऱ्हाईक बघायला यायचं होतं. मी पोचलो तर काका मोबाइल हातात धरून माझीच वाट बघत होते. त्यांचा सरळ हिशेब होता. पोरगी गाडीला घाबरते आहे. गाडी बरोबर होती असं मी, डोळ्यांनी बघणाऱ्याने, तिला सांगितलं तर तिची भीती जाईल. त्यांनी फोन लावला, स्पीकर चालू केला आणि मला म्हणाले, "सांग हिला. तू बघितलं होतंस."

तिकडून ती "हां, भैया" म्हणाली.

मी म्हणालो, "मी बघितलं नव्हतं. मी फोनवर होतो. न बघता सही केली."

काकांच्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही. मी काट्यांकडे बघत राहिलो. गाडी काट्यांवर नव्हती, तरी एक काटा दोनशे ग्रॅम दाखवत होता, धूळ असेल.

"डेढ साल, भैया," ती म्हणाली. एवढंच. शिवी दिली असती तर मी आनंदाने घेतली असती. मग तिने वडिलांना विचारलं, "बाबा, आपको याद है? लगाया था?"

काका आठवत असावेत. उजव्या हाताची बोटं हवेत पान्यावर असल्यासारखी अर्धी वळली, थांबली, पुन्हा वळली. मग त्यांनी तो हात खाली सोडला.

"नाही गं. मला आठवत नाही."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकलं नव्हतं. काकू जिन्यावर येऊन उभ्या होत्या, त्या हळूच खालच्या पायरीवर बसल्या. फोनमधून पुण्याच्या रस्त्याचा आवाज येत होता. ती रडत होती की नुसती श्वास घेत होती, मला अजून सांगता येत नाही. मग ती म्हणाली, "बाबा, गाडी मत बेचना."

गिऱ्हाईक आलं तेव्हा काकांनी त्याला चहा दिला आणि परत पाठवलं.

महिन्याभरात काका-काकूंनी पुण्याला जायचं ठरवलं. शेड सोडली, गाडी ट्रकवर चढवून पुढे पाठवली. तिकडे ती रविवारी सकाळी रस्ता मोकळा असताना काकूंना शेजारी बसवून चालवायला लागली आहे, असं काकूंनीच मला कळवलं. चौथा गिअर अजून टाकत नाही. मागे सीटच नाही म्हणून काका फाटकापाशी उभे राहतात.

माझ्यावर काका एकदाही रागावले नाहीत. मला ते फार जड गेलं. माणूस रागावला की भांडण होतं, भांडण झालं की मिटतं. ते पूर्वीसारखेच चहा द्यायचे, आईची तब्येत विचारायचे. मी चार वेळा माफी मागितली, चारही वेळा ते असू दे म्हणाले, आणि मला कळेना की काय असू दे.

जायच्या आधी त्यांनी शेवटची गाडी तोलली ती माझी. मी सकाळपासून उपाशी होतो. सीटवर बसलो, हात स्टिअरिंगवर, नजर समोर. दोन तास ते खाली-वर करत राहिले. शेवटी दांडी जोडली, कागद काढला आणि पहिल्या रकान्यात आठ सह्या केल्या. मी उतरलो आणि सवयीने हात पुढे केला.

काका कागद घेऊन माझ्या बाजूने पुढे निघून गेले. गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारे सरदारजी पंक्चर काढायचे, त्यांना घेऊन आले. सरदारजींना सस्पेन्शनमधलं ओ की ठो कळत नव्हतं. काकांनी त्यांना गाडीखाली निजायला लावलं, टॉर्च दिला आणि एकेक नट बोटाने दाखवून हिंदीत विचारलं, है? हात लगाके बोलो. सरदारजी प्रत्येक नटाला हात लावून म्हणत होते, "हैगा जी." असं आठ वेळा. मग ते कुर्ता झटकत बाहेर आले आणि दुसऱ्या रकान्यात सावकाश, गुरमुखीत, आठ सह्या केल्या. मी बाजूला उभा होतो. माझ्या हातात त्यांची काठी होती.

काकांनी कागदाची घडी घालून माझ्या खिशात ठेवली आणि वरून खिसा थोपटला.

"तू चांगला मुलगा आहेस रे," ते म्हणाले. "सही तेवढी तुझी नको."

घरी जाताना झिरकपूरपर्यंत मी तिसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही. मागून लोक हॉर्न देत होते.